आई-बाबांना घेऊन यलोस्टोनला: गाडीने जाणाऱ्यांसाठी

आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यात, तुरळच्या जवळ. मुंबई-गोवा रस्त्याला लागून तिथे गरम पाण्याचं कुंड आहे. लहानपणी ती आजीचा हात धरून तिथे अंघोळीला जायची. आमच्या कोकणात अशा झऱ्याला उन्हाळं म्हणतात. राजापूरच्या उन्हाळे गावाच्या आणि दापोलीकडच्या उन्हवरेच्या नावातच ते आहे. म्हणून मी सॉल्ट लेक सिटीहून फोन करून सांगितलं, "या वेळी यलोस्टोनला जाऊ, तिथे गरम पाण्याची दहा हजारांहून जास्त ठिकाणं आहेत," तेव्हा तिने लगेच विचारलं, "मग अंघोळीचे कपडे वेगळे घेऊ का?"

नाही. यलोस्टोनच्या झऱ्यात उतरायचं नाही, पाय सोडून बसायचं नाही, बोटही घालायचं नाही. पण आईला गरम पाण्यात बसवल्याशिवाय मी परत आणणार नव्हते, आणि त्याची सोय वाटेतच होते. ती शेवटी सांगते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मैत्रिणींबरोबर. आठच्या आकाराचा १४२ मैलांचा मोठा वळसा आम्ही एका दिवसात पुरा केला. पाहिलं सगळं, पण आज आठवतात त्या फक्त पार्किंगच्या जागा. सप्टेंबर २०२४ मध्ये आई-बाबांना नेलं तेव्हा जागा निम्म्या केल्या आणि वेळ दुप्पट ठेवला. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. बाबा ७३, रक्तदाबाची गोळी चालू आहे. दोघं पाचही दिवस आनंदात होते. पुढे जे लिहिते आहे ते या दुसऱ्या प्रवासातून.

कधी जायचं

यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्याच्या कायद्यावर सही केली. जवळजवळ ९,००० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश मुख्यतः वायोमिंग राज्यात आहे, थोडा माँटाना आणि आयडाहोत. उंचीचा अंदाज असा की उद्यानाचा बराचसा भाग ७,५०० ते ८,००० फुटांवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्याही वर दोन-अडीच हजार फुटांवर तुम्ही गाडी चालवत असता.

त्यामुळे हिवाळा लांब. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक रस्ते गाड्यांना बंद असतात. फक्त उत्तरेच्या गार्डिनरपासून ईशान्येच्या कुक सिटीकडे जाणारा रस्ता बारा महिने चालू राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार. २०२१ साली वर्षभरात ४८ लाखांहून जास्त भेटी नोंदल्या गेल्या आणि त्यातला मोठा वाटा उन्हाळ्याचा होता. आई-बाबा बहुधा मे ते ऑक्टोबर असेच येतात, तेव्हा मेअखेर ते जूनचा मध्य किंवा अमेरिकेच्या कामगार दिनानंतरचा (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सप्टेंबर, यातलं एक निवडा. मे-जूनमध्ये बायसनची तांबूस पाडसं आईमागे धावताना दिसतात. सप्टेंबरमध्ये एल्क या सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या नरांची साद ऐकू येते. मला विचाराल तर सप्टेंबर. थंडी असते, पण हवा स्वच्छ आणि पॉपलरची पानं पिवळी झालेली.

मुक्काम आणि पास

आम्ही पाच रात्री ठेवल्या: दोन वेस्ट यलोस्टोन गावात, दोन गार्डिनरमध्ये, आणि परतीच्या वाटेवर एक लाव्हा हॉट स्प्रिंग्जला. उद्यानाच्या आतली हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात. मिळाली तर भाग्य समजा. विशेषतः १९०४ सालचं ओल्ड फेथफुल इन, नुसत्या लाकडी ओंडक्यांचं. तिथे राहिला नाहीत तरी आत जाऊन दगडी चुलाण्यासमोर अर्धा तास बसाच. कुणी उठवत नाही. आईने तिथेच दुपारची डुलकी काढली.

एकाच गावात चारही रात्री काढायचा मोह टाळा. पश्चिमेच्या बाजूला झरे आहेत, उत्तर-ईशान्येला प्राणी. वेस्ट यलोस्टोनहून पहाटे ईशान्येच्या लामार खोऱ्यात पोहोचायचं तर मध्यरात्री उठावं लागेल.

प्रवेशाचं नीट वाचून घ्या. आम्ही गेलो तेव्हा अख्ख्या गाडीला सात दिवसांचे ३५ डॉलर पडले. २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला यलोस्टोनसह अकरा उद्यानांत वरचे १०० डॉलर द्यावे लागतात. अनिवासींचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-बाबांना हे लागू होतं. त्यांना आणखी एखादं मोठं उद्यान दाखवणार असाल तर हिशेब आधी मांडा. आपलं ओळखपत्र जवळ ठेवा आणि त्यांचे पासपोर्टही.

वाट

सॉल्ट लेक सिटीहून आय-१५ महामार्गाने आयडाहो फॉल्स, तिथून यूएस-२० ने रेक्सबर्ग, ॲश्टन करत वेस्ट यलोस्टोन. साधारण ३२० मैल, न थांबता पाच तास. आई-बाबांबरोबर सात धरा. ॲश्टनपर्यंत दोन्ही बाजूंना बटाट्याची आणि गव्हाची शेतं आहेत. बाबांनी दोनदा गाडी थांबवायला लावून माती हातात घेऊन पाहिली. ॲश्टननंतर रस्ता एकदम चढतो आणि पाइनचं जंगल सुरू होतं.

उद्यानात वेगाची मर्यादा ताशी ४५ मैल आहे आणि ती पाळायचीच. तिथले तीस मैल म्हणजे तासभर. मध्ये बायसन आडवे आले तर दोन तास. रात्रीचं चालवणं शक्यतो नको. गडद तपकिरी बायसन काळ्या रस्त्यावर उभा असला तर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पहाटे निघणं भागच असेल तर पस्तिशीच्या वर जाऊ नका.

पेट्रोल आत सहा ठिकाणी मिळतं, पण टाकी गावातच भरून घ्या. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. पार्क सर्व्हिसचं ॲप घरच्या वायफायवर उतरवून त्यातलं 'ऑफलाइन' दाबून ठेवा, गूगलचा नकाशाही. भारतात फोन करायची बाबांची रोजची वेळ होती. "दोन दिवस फोन आला नाही तर काळजी करू नका," असं काकांना आधीच कळवून ठेवलं होतं.

पिशवीत काय

पहिल्यांदा कपडे. आम्ही सप्टेंबरच्या मध्यावर गेलो. दुपारी अर्ध्या बाह्यांचं ऊन आणि पहाटे शून्याखाली एक अंश. कानटोपी, हातमोजे, दोन स्वेटर एकावर एक. आई साडीवर कोट घालून निघाली होती. मी तिला आतून लोकरी लेगिंग आणि पायात पकडीचे बूट घालायला लावले. लाकडी पायवाटांवर वाफेने ओल येते आणि पहाटे त्या ओलीचा बर्फ होतो. चपला चालत नाहीत.

खाण्याचं: आत शाकाहारी मिळतं, पण तेच तेच. दशम्या, मेथीचे थेपले, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला घातलेला कोरडा चिवडा एवढं तीन दिवस टिकलं. खोलीवर इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये मुगाची खिचडी. एक लक्षात ठेवा, या उंचीवर पाणी ९३ अंशांलाच उकळतं. उघड्या भांड्यात भात शिजायला वेळ लागतो, चहासुद्धा नेहमीसारखा उतरत नाही. पत्ती थोडी जास्त टाका. कुकरमध्ये हा त्रास नाही.

मग संडास. याबद्दल कुणी लिहीत नाही आणि आई-बाबांना सगळ्यात मोठी अडचण हीच असते. बहुतेक थांब्यांवर कोरडे संडास आहेत, पाण्याचा नळ नाही, हात धुवायलाही नाही. एक लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या खास यासाठी ठेवा, ओले रुमाल ठेवा. नळ आणि फ्लश असलेले संडास ओल्ड फेथफुल, कॅनियन, मॅमथ अशा वस्तीच्या ठिकाणी आहेत. दिवसाची आखणी करताना ती ठिकाणं मध्ये येतील असं पाहा. आईने पहिल्या दिवशी या भीतीने पाणीच पिणं सोडलं होतं. संध्याकाळी तिचं डोकं दुखायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. उंचीवर पाणी कमी पडलं की आधी डोकं दुखतं. त्यांना आधीच सगळं सांगा आणि पाणी पाजत राहा.

औषधं दोन जागी ठेवा, एक संच गाडीत आणि एक पर्समध्ये. प्रवासी विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का ते निघण्यापूर्वी बघा. मॅमथ, ओल्ड फेथफुल आणि लेक या तीन ठिकाणी दवाखाने आहेत, त्यांतला मॅमथचाच बारमाही.

अस्वलांसाठीचा नियम सगळ्यांना लागू होतो: वासाची कोणतीही वस्तू उघड्यावर सोडायची नाही. थेपले तर नाहीतच, पण खोबरेल तेल, टूथपेस्ट, उदबत्ती, बाम हेसुद्धा बंद गाडीत. पाच मिनिटांसाठी बाकावर डबा ठेवून झरा बघायला जाणं चुकीचं. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुढे माणसावर येतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. पायवाटेने जंगलात शिरणार असाल तर अस्वलाचा स्प्रे विकत किंवा भाड्याने घ्या. तो अस्वलाच्या तोंडावर मारायचा असतो, डासांच्या औषधासारखा अंगाला लावायचा नाही. घरच्यांना हे सांगून ठेवा.

दुपार झऱ्यांची

प्राणी पहाटे आणि संध्याकाळी हिंडतात, दुपारी बसतात. झऱ्यांचं उलट. गार हवेत पहाटे इतकी वाफ धरते की रंग दिसतच नाहीत. म्हणून पहाट आणि संध्याकाळ खोऱ्यांना द्या, दुपार झऱ्यांना. एवढं एक पाळलंत तरी प्रवास सार्थकी लागेल.

सुरुवात फाउंटन पेंट पॉटपासून करा. अर्ध्या मैलाच्या फळ्यांच्या वाटेवर चारही प्रकार भेटतात: गरम पाण्याचा झरा, रटरटणारा चिखल, नुसती वाफ सोडणारी भोकं आणि पाणी उडवणारा गीझर. आपल्या न्हाणीघरातल्या गीझरचं नाव मुळात यावरूनच, आइसलँडच्या एका फवाऱ्यावरून आलं. चिखलाच्या कुंडाशी बाबा अडकलेच. डिंकाच्या लाडवांचा पाक उकळताना येतात तसे बुडबुडे, जाड, सावकाश, फुटताना 'थप्प' आवाज करणारे.

ओल्ड फेथफुल हा गीझर सरासरी दीड तासाने उडतो, दीड ते पाच मिनिटं, शंभर ते १८० फुटांपर्यंत. पुढची वेळ ॲपवर आणि माहिती केंद्रात लावलेली असते, दहा मिनिटं इकडे-तिकडे. अर्धा तास आधी जाऊन बाकांच्या पहिल्या रांगेत जागा धरा. वाट बघताना मी आईला कुकरवर समजावलं. खाली खोल कपारींत पाणी आहे, वरच्या पाण्याचं वजन त्याच्यावर झाकणासारखं बसलेलं, म्हणून ते उकळीच्या पुढे तापलं तरी त्याची वाफ होत नाही. मग थोडे बुडबुडे वरचं पाणी बाहेर ढकलतात, झाकण हलकं होतं, आणि खालचं सगळं एकदम वाफ होऊन वर येतं. "म्हणजे शिट्टी नाही, झाकणच उडतं," आई म्हणाली. अगदी बरोबर.

फवारा संपला की नव्वद टक्के माणसं उठून गाड्यांकडे जातात. तुम्ही उलट्या दिशेला चाला. मॉर्निंग ग्लोरी पूलपर्यंतचा दीडेक मैल जवळजवळ सपाट आहे, बराचसा डांबरी. वाटेत कॅसल, ग्रोटो असे गीझर आणि बसायला बाकं. आई थांबत थांबत आरामात पोहोचली. तिथे ती कुंडाकडे बघत उभी राहिली. मधोमध हिरवं, कडेला पिवळं-केशरी, काचेसारखं स्वच्छ पाणी. आणि तिचा हात आपोआप पर्समध्ये गेला. सुट्टं नाणं शोधायला.

मी तिचा हात धरला. तीर्थ दिसलं की पैसा वाहायचा ही तिची आयुष्यभराची रीत, यात तिची काही चूक नाही. पण या कुंडाची तब्येत बिघडली ती याच सवयीने. वर्षानुवर्षं लोकांनी नाणी आणि कचरा टाकला, खालची वाट बुजत गेली, गरम पाणी कमी येऊ लागलं, पाणी थंडावलं. पूर्वी ते गर्द निळं होतं. थंड झालेल्या कडांवरून पिवळे-केशरी जीवाणू आत सरकले. सगळं ऐकून आईने पर्स मिटली. "मग नमस्कार केला तर चालतो ना?" म्हणाली आणि हात जोडले.

तुमच्या आई-बाबांना हे पार्किंगमध्येच सांगून ठेवा. कुंडाशी पोहोचेपर्यंत उशीर होतो.

फळ्यांवरून खाली पाय ठेवायचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. वरून घट्ट माती दिसते, ती काही ठिकाणी पापडाएवढी पातळ असते आणि खाली उकळतं पाणी. या झऱ्यांमध्ये पडून किंवा उतरून भाजल्याने आजवर वीसहून जास्त माणसं दगावली आहेत. आम्ही जाण्याच्या दोनच महिने आधी, २३ जुलै २०२४ ला, बिस्किट बेसिनमध्ये वाफेचा स्फोट होऊन फळ्यांची वाट उखडली गेली. कुणाला इजा झाली नाही. ती जागा तेव्हापासून बंद केली. लहान मूल बरोबर असेल तर त्याचा हात सोडू नका.

ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग: व्यास सुमारे ३७० फूट, अमेरिकेतला सगळ्यात मोठा गरम झरा. मध्ये निळा, मग हिरवा, पिवळा, केशरी, तांबडा. मधला भाग इतका गरम की तिथे काही जगत नाही, म्हणून निळा. बाहेर पाणी निवत जातं तसतसे वेगवेगळे सूक्ष्मजीव राहतात आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. शेजारून चाललात तर वाफ आणि कडेचे रंग दिसतात, पुरा आकार कळत नाही. तो बघायचा तर दक्षिणेच्या फेअरी फॉल्स पार्किंगमधून वर जा. एका बाजूने ०.६ मैल आणि १०५ फुटांचा चढ. बाबा चढले. आई खाली नदीकाठच्या सावलीत बसली आणि तिने फोनवर फोटो पाहिला. तिला चढवायला हवं होतं असं मला अजिबात वाटत नाही. दुपारी एक-दोनला ऊन वरून पडतं तेव्हा रंग सगळ्यात चांगले, पण त्याच वेळी पार्किंग भरलेलं. आम्हाला जागा मिळायला पंचवीस मिनिटं लागली, ती वाट बघण्यासारखी होती. झऱ्याच्या कडेला वारा जोरात असतो. रंगीत थरावर उडून पडलेल्या टोप्या तुम्हाला दिसतील. ओढणीला पिन, टोपीला दोरी. उडाली तर सोडून द्या.

बाबांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्यांनी गावी परतल्यावर सगळ्यांना सांगितली. याच भागातल्या एका तळ्यातून १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक यांच्या चमूने जे जीवाणू गोळा केले, त्यांतून थर्मस ॲक्वॅटिकस हा जीव ओळखला गेला. उकळीजवळच्या तापमानातही त्याचं एक विकर (एन्झाइम) बिघडत नाही. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेली पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची रीत पुढे त्या विकरावर उभी राहिली आणि मुलिस यांना १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कोविडमध्ये बाबांच्या नाकात काडी घालून केलेली चाचणी त्याच वंशातली. ते खाली बघत बराच वेळ गप्प उभे होते.

पहाट खोऱ्यांची

तिसऱ्या दिवशी वेस्ट यलोस्टोनहून नॉरिस, कॅनियन करत हेडन खोऱ्यात उतरा. कॅनियनला ३०८ फुटांचा लोअर फॉल्स आर्टिस्ट पॉइंटवरून बघायचा. गाडीपासून थोडंच चालायचं आहे. मग डनरेव्हन खिंड ओलांडून टॉवर, मॅमथ आणि गार्डिनर. मॅमथ ते गार्डिनर हा जुना रस्ता जून २०२२ च्या पुरात वाहून गेला. आताची वाट डोंगरावरून वळणं घेत उतरते, सावकाश घ्या.

चौथ्या दिवशी आम्ही पावणेसहाला निघालो. थर्मासमध्ये आल्याचा चहा, मांडीवर शाली. लामार खोरं तासाभरावर. उजाडताना धुकं नदीवर पडलेलं होतं आणि त्यातून बायसनच्या पाठी वर येत होत्या.

लांडगे बघायचे तर प्राणी शोधू नका, माणसं शोधा. रस्त्याकडेला तिपायांवर मोठ्या दुर्बिणी लावून चारपाच जण शांत उभे दिसले की तिथे गाडी लावा, इंजिन बंद करा, दार हळू लावा आणि विचारा. ही माणसं वर्षानुवर्षं तिथे येतात आणि हौसेने दाखवतात. आम्हाला एक पांढऱ्या केसांच्या बाई भेटल्या. त्यांनी काही न बोलता दुर्बीण आईच्या उंचीला खाली केली. आईने चष्मा काढला, पुन्हा घातला, डोळा लावला. मिनिटभर काहीच नाही. मग ती कुजबुजली, "काळा आहे गं. बसलाय. एक कान हलतोय."

मैलभर लांब. नुसत्या डोळ्यांना तो ठिपकासुद्धा नव्हता.

इथले शेवटचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले, उद्यानाच्याच धोरणाने. मग एल्क बेसुमार वाढले आणि नदीकाठची कोवळी झाडं खाऊन टाकली. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. आईने ज्याचा कान बघितला तो त्यांच्याच वंशातला असणार. थोड्या वेळाने कुठून तरी त्यांचं एकत्र ओरडणं आलं. रस्त्यावरची सगळी माणसं पुतळ्यासारखी थांबली. बाबांच्या हातातला चहा गार झाला.

साधी दुर्बीण घरून न्याच. मोठी, तिपाईवाली गार्डिनरमध्ये भाड्याने मिळते. एका दिवसाचे पैसे द्यायला कचरू नका.

अंतर

अस्वल, लांडगा, कूगर (तिथला डोंगरी सिंह): कमीत कमी १०० यार्ड. बायसन, एल्क आणि बाकी सगळे: २५ यार्ड. हात पुढे करून अंगठा उभा धरा. प्राणी अंगठ्याआड पूर्ण लपला नाही तर तुम्ही जवळ आहात. आई-बाबांना ही खूण आवडते.

बायसनबद्दल विशेष. बाबा कोल्हापूरकडचे, राधानगरीचा गवा पाहिलेले. ते लगेच म्हणाले, "हा आपला गवाच." आपल्याकडे इंग्रजीत गव्याला बायसन म्हणतात खरं, पण हे दोन वेगळे प्राणी. नर ९०० किलोपर्यंत भरतो आणि ताशी ५५ किलोमीटरने धावतो. चरताना तो गोठ्यातल्या म्हशीसारखा थंड दिसतो. यलोस्टोनमध्ये माणसांना सगळ्यात जास्त इजा मात्र यानेच केली आहे, अस्वलांनी नव्हे. शेपूट वर उठली की तो चिडला आहे, मागे व्हा. रस्त्यावर कळप आला तर काच वर करा, हॉर्न वाजवू नका, थांबून राहा. आमच्या गाडीच्या आरशाला एकाचा खांदा चाटून गेला. त्याच्या श्वासाची वाफ काचेवर उमटली आणि आई "बाळा, जा हो," असं त्याला हळूच म्हणाली. १९०२ च्या सुमारास उद्यानात हे जेमतेम दोन डझन उरले होते. आज हजारोंनी आहेत. त्यांना वाट द्यायला पंधरा मिनिटं गेली तर काही बिघडत नाही.

दुपारी मॅमथला चुनखडीचे पायऱ्या-पायऱ्यांचे कठडे बघा. खालचा भाग पुरे, वर गाडीनेही जाता येतं. सप्टेंबरमध्ये तिथल्या हिरवळीवर एल्क माद्या पसरलेल्या असतात आणि नर त्यांच्याभोवती फिरत साद घालतो. एवढ्या सांबराएवढ्या, नव्हे त्याहून थोराड जनावराच्या गळ्यातून बारीक, चढत जाणारी शिट्टी निघते. या दिवसांत तो गाड्यांवरही धावून जातो. रेंजर मागे व्हा म्हणाले की लगेच व्हा.

आणि गरम पाणी

परतीला गार्डिनरहून मॅमथ, नॉरिस, मॅडिसन करत वेस्ट यलोस्टोन, मग आयडाहो फॉल्स, पोकाटेलो. आय-१५ सोडून दहा-बारा मैल पूर्वेला लाव्हा हॉट स्प्रिंग्ज. पूर्वी शोशोनी आणि बॅनॉक लोक इथे येत. आज बांधलेली उघडी कुंडं आहेत, ३९ ते ४४ अंशांपर्यंत वेगवेगळी, तळाशी खडी आणि पाण्याला गंधकाचा वास नाही. थांब्यांसह सहा-सात तास जातात, म्हणून मुक्काम तिथेच ठेवा.

पोहण्याचा पोशाख लागतो. आईसाठी मी आधीच पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा घेऊन ठेवला होता. नाहीतर ती काठावरच बसली असती. रक्तदाब असेल तर सगळ्यात कोमट कुंड निवडा, छातीपर्यंतच बसा, दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या. उठताना हात धरा, चक्कर येते.

आई पहिल्या पायरीवर थांबली, ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं, आणि मग उतरली. गुडघ्यांवर हात ठेवून डोळे मिटून बसली. मी घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटं झाली तेव्हा म्हटलं, "आई, उठ आता."

"आजी पण असंच करायची," ती डोळे न उघडता म्हणाली. "वर बसून हाका मारायची. आणखी पाच मिनिटं थांब."